सिरॅमिक दोरी घेताना तापमानाच्या आकड्यापलीकडे पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ॲस्बेस्टॉसची दोरी काढून तिच्या जागी सिरॅमिक फायबरची बसवली की उष्णतेचा आणि आरोग्याचा असे दोन्ही प्रश्न मिटले, ही समजूत कारखान्यांमध्ये पक्की रुजली आहे. भट्ट्या, ओव्हन आणि बॉयलर यांच्या देखभालीचे काम करणारे आम्ही काही जण या समजुतीबद्दल आपल्या वाचकांशी थोडे सविस्तर बोलू इच्छितो. वस्तू निःसंशय चांगली आहे. हजार अंशांच्या आसपास चालणाऱ्या भट्टीच्या दाराच्या फटी बंद ठेवायला इतकी लवचीक आणि बसवायला इतकी सोपी दुसरी गोष्ट सहज मिळत नाही. पण ती कुठे चालते, कुठे चालत नाही आणि वेष्टनावरचा आकडा नेमके काय सांगतो, हे न पाहता बसवली तर थोड्याच दिवसांत दाराच्या कडेने झळ येऊ लागते. मग दोष दोरीच्या माथी मारून तशीच दुसरी दोरी मागवली जाते.

सुरुवात त्या आकड्यापासूनच करू. बाजारातल्या बहुतेक सिरॅमिक दोऱ्यांवर १२६० अंश सेल्सिअस असे लिहिलेले असते. ॲल्युमिना आणि सिलिका जवळपास निम्मे-निम्मे घेऊन ते वितळवायचे आणि त्या रसाची धार हवेच्या झोताने फुंकून किंवा वेगाने फिरणाऱ्या चाकांवर पाडून त्याचे बारीक तंतू करायचे, अशी ही निर्मिती. १२६० हा त्या तंतूचा वर्ग आहे. ठरावीक तापमानाला चोवीस तास ठेवल्यावर माल किती आकसतो हे मोजून हा वर्ग ठरवतात. रोजच्या अखंड कामासाठी त्याच्या खाली किमान १०० ते १५० अंश राहावे लागते. झिर्कोनिया मिसळलेल्या तंतूचा वर्ग याहून वरचा, १४०० च्या पुढचा असतो, पण अखंड वापराचा नियम त्यालाही लागू आहे.

खरा घोळ पुढे आहे. सिरॅमिकचे तंतू आखूड आणि ठिसूळ असतात, त्यांचे नुसते सूत कातता येत नाही. म्हणून त्यात व्हिस्कोससारखा जळणारा धागा मिसळतात. वजनात त्याचे प्रमाण साधारण १५ ते २० टक्के असते. शिवाय सुताला ताकद यावी म्हणून आत एकतर काचेचा अखंड धागा घालतात, नाहीतर स्टेनलेस स्टीलची किंवा निकेल-क्रोमियम मिश्रधातूची बारीक तार. भट्टी पहिल्यांदा तापली की ४०० अंशांपर्यंत व्हिस्कोस जळून जातो. त्यानंतर दोरीला एकत्र धरून ठेवते ती ही काच किंवा तारच. काच ६००-६५० अंशांच्या पुढे मऊ पडून ताकद सोडते, तर चांगली उष्णतारोधक तार १००० अंशांच्या आसपास टिकते. दोन्ही दोऱ्यांवर १२६० लिहिलेले असते, दोन्ही पांढऱ्याशुभ्र दिसतात आणि हाताला सारख्याच लागतात. ९०० अंशांच्या दाराला काचेची दोरी लावली तर तंतू वितळत नाहीत, पण दार उघडताच दोरीचे पोपडे होऊन खाली पडतात. दोरी ‘जळाली’ म्हणून येणाऱ्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते.

ही तपासणी भांडाराच्या दारातच करता येते. दोरीच्या टोकाचे एक सूत उसवून पाहावे. तार असेल तर चमकते आणि वाकवली की वाकलेलीच राहते. काचेचा धागा गुळगुळीत, रेशमासारखा असतो. मग वीतभर तुकडा वजन करून ८०० अंशांच्या छोट्या भट्टीत तासभर ठेवावा आणि थंड झाल्यावर पुन्हा तोलावा. वजन १५-२० टक्के घटले तर माल ठरल्याप्रमाणे आहे. त्याहून बरेच जास्त घटले, तर सिरॅमिक म्हणून जळणारा धागाच विकत घेतला असे समजावे. भाजलेला तुकडा हलक्या हाताने उचलून पाहिला की आत तार आहे की नाही हेही उघड होते. मात्र ही चाचणी हवेशीर जागी, मास्क लावूनच करावी. त्याचे कारण पुढे येईलच.

घनताही अशीच मोजून घ्यावी. दाट विणीची दोरी घनमीटरला ५०० ते ६०० किलोच्या आसपास भरते. ५५० धरले तर २५ मिलिमीटर जाडीची गोल दोरी मीटरला सुमारे २७० ग्रॅम आणि त्याच मापाची चौकोनी दोरी सुमारे ३४० ग्रॅम भरायला हवी. वजन याहून फारच कमी आले तर दोरी आतून पोकळ आहे किंवा बाहेर जाळीदार वीण आणि आत सैल कापूस अशा प्रकारची आहे. या दुसऱ्या प्रकाराला लॅगिंग रोप म्हणतात. पाइपाला गुंडाळायला आणि फटी बुजवायला ती उत्तम, पण दाराच्या दाबाखाली ती चपटी होते आणि पुन्हा फुगत नाही. पिळाची दोरी फटीत कोंबायला बरी असते, मात्र कापल्यावर तिचे पीळ सुटतात. दार, झाकण आणि कमी दाबाचे फ्लँज (पाइप किंवा डक्टच्या जोडाच्या बोल्ट लावायच्या कडा) यांना विणीचीच दोरी घ्यावी. दोरी बसवायची खाच चौकोनी असेल तर दोरीही चौकोनीच हवी. चौकोनी खाचेत गोल दोरी घातली की चारही कोपरे रिकामे राहतात आणि वायू नेमका तिथून वाट काढतो.

आता ही दोरी कुठे वापरू नये ते पाहू. चौकोनी विणीची सिरॅमिक दोरी दिसायला पंपाच्या ग्लँड पॅकिंगसारखीच (फिरत्या शाफ्टभोवतीची गळती थांबवणाऱ्या भरणासारखीच) असते. त्यामुळे गरम द्रवाच्या पंपाला तीच घाला, असा सल्ला सहज दिला जातो. तो साफ चुकीचा आहे. या तंतूंमध्ये न ताणल्या गेलेल्या रसाच्या कडक गोळ्या राहिलेल्या असतात, त्यांना शॉट म्हणतात. दोरीत वंगणाचा अंश नसतो. फिरत्या शाफ्टवर ती बसली की शॉट स्लीव्ह (शाफ्टवरची संरक्षक नळी) खरवडून काढतो, तंतूंचा चुरा होतो आणि ग्लँड कितीही आवळला तरी गळती वाढतच जाते. शेवटी पॅकिंग बदलून भागत नाही, स्लीव्हच बदलावी लागते. फिरत्या शाफ्टला आणि व्हॉल्व्हच्या स्टेमला (दांडीला) ग्राफाइटचे पॅकिंग हवे. फुगवलेले ग्राफाइट वाफेत ६५० अंशांपर्यंत चालते. उघड्या हवेत मात्र ४५० अंशांच्या पुढे ते हळूहळू जळू लागते, हे विसरू नये. तापमान २६० अंशांच्या आत असेल आणि रसायने तीव्र असतील, तर पीटीएफई (टेफ्लॉन). गरम डक्टमधल्या (हवा-धुराच्या वाहिनीतल्या) डँपरचा, म्हणजे प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा, शाफ्ट दिवसाकाठी दोन-चार वेळा पाव फेरा फिरतो आणि तिथे दाब नाममात्र असतो. एवढ्या ठिकाणी सिरॅमिक दोरी चालवून घेता येते, पण तीही लवकर बदलावी लागेल हे धरूनच.

दुसरी मर्यादा दाबाची. ही दोरी उष्णता अडवते, वायू पूर्णपणे अडवत नाही. तंतूंमधल्या पोकळीतून वायू झिरपतो. भट्टीत आतबाहेर दाबाचा फरक पाण्याच्या काही मिलिमीटर स्तंभाइतकाच असतो, तिथे हे झिरपणे चालून जाते. वाफेच्या पाइपाच्या फ्लँजला ते चालत नाही. तिथे ग्राफाइट भरलेले, धातूच्या पट्टीचे स्पायरल गॅस्केट (जोडात दाबून बसवायची चकती) लागते. बॉयलरबाबत तर हा फरक जिवावर बेतू शकतो. ज्वाळेच्या आणि धुराच्या बाजूची दारे, बर्नरची बैठक, धुराड्याकडे जाणाऱ्या डक्टचे जोड या जागा सिरॅमिक दोरीच्या. पाण्याच्या आणि वाफेच्या बाजूच्या मॅनहोलवर (माणसाला आत उतरण्यासाठीच्या झाकणबंद तोंडावर) बॉयलरचा पूर्ण दाब असतो. तिथे बॉयलर उत्पादकाने ठरवून दिलेले साच्याचे किंवा ग्राफाइटचे गॅस्केटच बसवायचे. ‘मॅनहोलला दोरी आणा’ एवढीच सूचना देऊन माणूस भांडारात पाठवणे धोक्याचे आहे. कोणते मॅनहोल, हे लिहूनच द्यावे.

थोडे दाराविषयी, कारण दोरी नापास ठरते ती बहुधा तिथेच. समजा, खाच २५ मिलिमीटर रुंद आहे आणि दोरी २५ बाय २५ ची चौकोनी आहे. दार बंद झाल्यावर दोरीसाठी खाचेत आतल्या दिशेने किती जागा उरते, हे मापच सगळे ठरवते. ती २० मिलिमीटर उरली तर दोरी वीस टक्के दबते. नवी दोरी असताना एवढा दाब पुरेसा वाटतो, पण व्हिस्कोस जळून गेला की दोरी भुसभुशीत होते, उष्णतेने किंचित आकसते आणि दाब जवळपास संपतो. म्हणून जागा १८ मिलिमीटर ठेवावी, म्हणजे सुरुवातीचा दाब २८ टक्क्यांच्या आसपास येतो. याच्या उलट, दार नीट लागावे म्हणून दोरी निम्म्यापर्यंत चेपली तर तंतू मोडतात आणि पुन्हा फुलत नाहीत. २५ ते ३० टक्के ही काम करणारी मर्यादा आहे. त्यासाठी दाराची कडीही अशी हवी की पाचर किंवा स्क्रूने दार आणखी दोन-तीन मिलिमीटर आत ओढता येईल. ठरावीक जागीच अडकणाऱ्या कडीच्या दाराला कितीही चांगली दोरी लावा, पहिल्या तापणीनंतर ते सैलच होणार.

बसवण्याआधी खाच खरवडून कोरडी करावी. जुन्या सिमेंटचा एखादा खडा राहिला तरी दोरी तिथे उंच राहते आणि दोन्ही बाजूंना फट पडते. दोरी ताणून कधीही बसवू नये. ताणली की ती बारीक होते आणि नंतर मागे ओढली जाऊन जोडापाशी फट पडते. १.२ मीटर बाय ०.९ मीटरच्या दाराची खाच ४.२ मीटर भरते, तर दोरी ४.३ मीटर कापावी. आधी चारही कोपरे बसवावेत, मग दोन्ही टोके, आणि उरलेली ढील मधल्या भागात लाकडी पट्टीने दाबत जिरवावी. लोखंडी छिन्नीने ठोकू नये, सूत तुटते. कापण्यापूर्वी त्या जागी चिकटपट्टी घट्ट गुंडाळावी आणि पट्टीच्या मधोमध धारदार पात्याने ४५ अंशांत तिरके कापावे. दोन्ही टोकांचे तिरके काप एकमेकांवर बसवून निकेल-क्रोम तारेने चार टाके घालावेत. सरळ कापलेली टोके नुसती समोरासमोर ठेवली, तर दोरी आकसल्यावर तिथे बोटभर उघडी जागा राहते. जोड दाराच्या वरच्या बाजूला घेऊ नये. खाचेत दोरीचे दोन थर असतील तर त्यांचे जोड समोरासमोरच्या बाजूंना घ्यावेत.

चिकटवण्यासाठी सोडियम सिलिकेटचा लेप चालतो, पण खाचेच्या तळाला, वीतभर अंतरावर, ठिपक्यांपुरताच. दोरी त्यात बुडवून बसवली की ती दगडासारखी कडक होते आणि तिची लवचीकता, जिच्यासाठी ती आणली, पहिल्याच दिवशी संपते.

दिवसातून बरेचदा उघडणाऱ्या दाराला साधी दोरी मुळातच पुरत नाही. भाजलेल्या तंतूला परत फुलण्याची ताकद फार थोडी असते. तिथे आत उष्णतारोधक तारेच्या विणलेल्या जाळीचा गाभा आणि बाहेरून सिरॅमिक कापड, अशा बांधणीचे पॅकिंग घ्यावे. त्याला बाजूने कापडाची शेपटी असते. ती पट्टीखाली धरून बोल्ट मारता येतात. दाब धरण्याचे काम जाळी करते, कापड फक्त उष्णता अडवते. सुरुवातीला ते महाग वाटेल, पण दर पंधरवड्याला भट्टी थंड करण्यापेक्षा हे कधीही परवडते.

वर जोड घेऊ नका, असे म्हटले त्याचे कारण भट्टीतल्या दाबात आहे. हजार अंशांची हवा बाहेरच्या हवेपेक्षा चौपटीहून हलकी असते. त्यामुळे भट्टीच्या दर मीटर उंचीला आतला दाब बाहेरच्या तुलनेत सुमारे ९ पास्कलने, म्हणजे पाण्याच्या जवळपास ०.९ मिलिमीटरने वाढत जातो. तळाशी दाब बाहेरच्याइतका ठेवला तरी दोन मीटर उंच दाराच्या वरच्या कडेला तो १८ पास्कल असतो आणि ज्वाळा तिथून बाहेर चाटते. धुराड्याचा डँपर जास्त उघडून ही ज्वाळा आत ओढायला गेलो तर खालच्या कडेतून थंड हवा आत शिरते, इंधन जास्त जळते आणि मालावर पपडी धरते. म्हणून डँपर अशा रीतीने लावावा की दाराच्या उंबरठ्याशी दाब शून्य राहील किंवा किंचित वर राहील, आणि वरच्या कडेची जबाबदारी दोरीने घ्यावी. ५ मिलिमीटर रुंद आणि २ मीटर लांब फट म्हणजे ०.०१ चौरस मीटर. हजार अंशांना एवढ्या उघड्या जागेतून नुसत्या प्रारणाने साधारण दीड किलोवॅट उष्णता बाहेर जाते. फट खोल असेल तर काहीशी कमी. गळणाऱ्या वायूसोबतची उष्णता वेगळीच. भट्टी चोवीस तास चालणारी असेल तर हे नुकसान दिवसाला ३६ युनिटांच्या घरात जाते.

पहिल्या तापणीची माहिती कामगारांना आधीच द्यावी. २०० अंशांच्या पुढे तपकिरी धूर आणि जळक्या सुताचा वास येतो, दोरी आधी तपकिरी आणि मग काळी पडते. हा व्हिस्कोस जळतो आहे, दोरी नव्हे. तापमान वाढले आणि हवा मिळाली की ती पुन्हा पांढरी होते. कमी तापमानाच्या किंवा हवाबंद भट्टीत ती काळीच राहते, त्याने बिघडत नाही. धूर निघून जाण्यासाठी पंखे चालू ठेवावेत, ४०० अंशांपर्यंत सावकाश जावे, तिथे तासभर थांबावे. थंड झाल्यावर फ्लँजचे बोल्ट आमनेसामने अशा क्रमाने पुन्हा आवळावेत. हे दुसरे आवळणे टाळले, तर पहिल्याचा काहीही उपयोग राहत नाही. अन्नपदार्थ भाजणाऱ्या ओव्हनला किंवा रंग सुकवणाऱ्या ओव्हनला ही दोरी लावलीच, तर माल आत घालण्यापूर्वी ही तापणी रिकाम्या ओव्हनमध्ये करून घ्यावी. खरे तर ४५० अंशांच्या आत चालणाऱ्या ओव्हनला काचेच्या अखंड धाग्याची दोरी पुरते. तिचे तंतू जाड असल्याने श्वासावाटे फुप्फुसात खोल जात नाहीत. जिथे काचेने भागते तिथे सिरॅमिक वापरूच नये, असे आमचे ठाम मत आहे.

रसायनांबाबत थोडक्यात. पाणी किंवा तेल लागले तरी सुकल्यावर किंवा जळून गेल्यावर गुण परत येतात. हायड्रोफ्लोरिक आणि फॉस्फोरिक आम्ल आणि तीव्र अल्कली मात्र तंतू खातात. काचेच्या किंवा काही क्षारांच्या भट्टीत सोडियम-पोटॅशियमच्या वाफा दोरीवर बसून ती वितळल्यासारखी चिकट होते. अशा ठिकाणी १२६० च्या आकड्याला अर्थ उरत नाही.

आता आरोग्य. ॲस्बेस्टॉस कर्करोगकारक आहे हे सिद्ध झाले आहे आणि युरोपीय संघात त्याच्यावरची बंदी २००५ पासून लागू आहे. पण त्याच्या जागी आलेला हा तंतू निर्धोक आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘२ ब’ गटात, म्हणजे माणसांत कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत ठेवले आहे. युरोपीय संघाचे वर्गीकरण याहून कडक, ‘१ ब’ असे आहे आणि कामाच्या जागेच्या हवेत दर मिलिलिटरला ०.३ तंतू ही तिथली बंधनकारक मर्यादा आहे. तीन मायक्रॉनहून बारीक आणि पाच मायक्रॉनहून लांब तंतू श्वासाबरोबर खोल जातात, आणि या दोरीत तसे तंतू भरपूर असतात. नव्या दोरीत निदान व्हिस्कोस त्यांना धरून ठेवतो. काढलेली दोरी जास्त घातक, कारण ती ठिसूळ झालेली असते, हात लावताच उडते. शिवाय ११०० अंशांच्या आसपास आणि त्यापुढे दीर्घकाळ तापलेल्या तंतूत क्रिस्टोबलाइट, म्हणजे स्फटिकरूप सिलिका तयार होते. श्वासातून जाणारी स्फटिकरूप सिलिका कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहे. दोरीच्या रंगावरून हा बदल ओळखता येत नाही.

म्हणून काढण्याची पद्धत ठरलेली असावी. भट्टी पूर्ण थंड होऊ द्यावी, गरम विटांवर पाणी पडले तर त्या तडकतात आणि वाफेने भाजते. साबणाचे दोन-चार थेंब घातलेल्या पाण्याचा बारीक फवारा मारून दोरी भिजवावी आणि लांब तुकड्यांतच, न तोडता, उचलून जाड पिशवीत घालावी. खाच हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) फिल्टरच्या व्हॅक्यूमने किंवा ओल्या फडक्याने साफ करावी. कोरडा झाडू आणि हवेचा पाइप या कामात पूर्ण वर्ज्य. पाच मिनिटांचे काम म्हणून हवा मारणारा माणूस आख्ख्या शेडमध्ये तंतू पसरवतो. तोंडाला रुमाल बांधून उपयोग नाही, बारीक कण अडवणारा, पी-३ किंवा पी-१०० दर्जाचा मास्क चेहऱ्याला घट्ट बसलेला हवा. कामाचे कपडे घरी नेऊ नयेत, कारखान्यातच वेगळे धुवावेत. पिशवी तोंड बांधून, वर नाव लिहून, धोकादायक कचऱ्याच्या नियमांनुसार द्यावी. आणि एखाद्या जुन्या यंत्रातली दोरी कसली आहे हे कुणालाच सांगता येत नसेल, तर प्रयोगशाळेचा निर्णय येईपर्यंत ती ॲस्बेस्टॉस समजूनच तिला हात लावावा. नुसत्या डोळ्यांनी किंवा काडी लावून हा फरक कळत नाही.

शरीरातील द्रवात लवकर विरघळणाऱ्या कॅल्शियम-मॅग्नेशियम सिलिकेटच्या तंतूंची दोरी आता मिळते. आम्लाची बाष्पे नसलेल्या, १००० अंशांच्या आतल्या बहुतेक दारांना ती चालते. दरातला फरक पाहून ती नाकारण्याआधी मास्क, व्हॅक्यूम आणि कचऱ्याची विल्हेवाट यांचा खर्चही हिशेबात धरावा.

आपल्या वाचकांत खरेदीचे काम पाहणारे अनेक जण असतील. ‘सिरॅमिक रोप, २५ एमएम, १२६०’ एवढेच मागणीपत्रात लिहू नये, ही त्यांना कळकळीची विनंती. वीण गोल की चौकोनी, आत काच की तार आणि तार कोणत्या धातूची, मीटरला वजन किती, ८०० अंशांना वजनातली घट किती चालेल, दार रोज किती वेळा उघडते, अखंड तापमान किती, भट्टीत कोणते वायू आहेत, या गोष्टी लिहा आणि मालासोबत सुरक्षा माहितीपत्रक मागा. यातले पहिले चार मुद्दे माल आल्यावर तपासता येतात. जुळले नाहीत तर तो परत पाठवा.

आपले,
भट्टी व बॉयलर देखभालीच्या कामातील काही तंत्रज्ञ